टॅमरच्या विण्याच्या दिवसांत

२३ जानेवारी, शुक्रवार : ॲडलेड

यायचं तर जानेवारीच्या शेवटी, असं मी लेकीला आधीच कळवून ठेवलं होतं. ॲडलेडला या दिवसांत पारा चाळिशी गाठतो. जावयांचा आग्रह होता की एप्रिलमध्ये या, हवा छान असते. पण टॅमर वॉलबी, म्हणजे कांगारूच्या कुळातली एक छोटी जात, विते ती याच सुमारास, आणि मला तेच पाहायचं होतं. माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात पशुवैद्य म्हणून गेली. गाई-म्हशींची गर्भतपासणी, कृत्रिम रेतन, अडलेली जनावरं सोडवणं, वार अडकली की काढणं, हेच रोजचं काम. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा शिशुधान, म्हणजे पोटावरच्या पिशवीत पिलू वाढवणाऱ्या, प्राण्यांच्या गर्भाशयाबद्दल वाचत गेले, आणि वाटलं, हे आपल्याला कॉलेजात कुणी शिकवायला हवं होतं.

आज सकाळी शहरालगतच्या डोंगरात, माउंट लॉफ्टीच्या उतारावरच्या क्लीलंड अभयारण्यात गेलो. तिथे मोकळ्या कुरणात कांगारू फिरतात आणि माणसांनी त्यांच्यात जायला हरकत नसते. लाल कांगारूची एक मादी कडेवर पडून होती. पिशवीतून पिलाचे दोन लांब मागचे पाय बाहेर आलेले, डोकं आत. लेक फोटो काढत होती. मी त्या मादीकडे पाहून मनात हिशेब मांडत होते.

लाल कांगारूचा गर्भकाळ सुमारे ३३ दिवस. माजाचं चक्र सुमारे ३५ दिवसांचं. म्हणजे गर्भ असो वा नसो, गर्भाशयाचं चक्र जवळजवळ तेवढ्याच दिवसांत पुरं होतं. आमच्या गाई-म्हशींत हे चालत नाही. गाय २१ दिवसांनी माजावर येते. ती गाभण राहिली असेल तर गर्भाला सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या आसपास आईला ‘मी आहे’ असं कळवावं लागतं. तो इंटरफेरॉन-टाऊ नावाचं प्रथिन सोडतो, मग अंडाशयातला पीतपिंड, म्हणजे अंड सुटल्यावर तिथे उरणारी ग्रंथी, टिकतो, तिच्यातून येणारं प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक चालू राहतं आणि गर्भ तगतो. निरोप पोहोचला नाही तर गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. कांगारूच्या गर्भाला पीतपिंड वाचवण्याची गरजच पडत नाही. पीतपिंड आपला नेहमीचा काळ जगतो, तेवढ्यात गर्भ वाढतो आणि जन्मतो. जन्मताना त्याचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही.

एवढ्यावरून अनेक जुन्या पुस्तकांत शिशुधानांना ‘अपुरे’ सस्तन ठरवलेलं आहे. वार नीट जमली नाही म्हणून पिलू लवकर बाहेर पडतं, असा सूर. मला हा सूर मुळीच मान्य नाही, आणि या सहलीत तो का मान्य नाही ते मला स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचं आहे.

त्या मादीची पिशवीबाहेर येऊ लागलेली ती संतती साधारण सात महिन्यांची असावी. लाल कांगारू २३५ दिवसांच्या आसपास पिशवी कायमची सोडतं, आणि त्यानंतर दिवसभरातच पुढचं पिलू जन्माला येतं. ते कुठून येतं? मागच्या वेळी विऊन झाल्यावर एक-दोन दिवसांत मादी पुन्हा फळलेली असते. तो गर्भ काही पेशींचा झाला की थांबतो. पिशवीतलं पिलू सडाला चिकटून दूध पीत असेपर्यंत तो गर्भाशयात तसाच राहतो. पायाशी एक, पिशवीत एक, गर्भाशयात एक अशी तीन वयांची तीन पिलं एकाच मादीकडे असू शकतात. दोन पिणाऱ्यांना दोन वेगळी दुधंही मिळतात: शेजारशेजारच्या दोन सडांपैकी एकातून नवजातासाठी पातळ दूध, दुसऱ्यातून मोठ्यासाठी चरबीनं दाट. नवजात वासराला चीक आणि मोठ्या वासराला दूध एकाच कासेतून एकाच वेळी काढून दाखवा म्हटलं तर आमचा एकही गवळी ते करू शकणार नाही.

२४ जानेवारी, शनिवार : केप जर्विस ते पेनेशॉ

ॲडलेडहून दक्षिणेला गाडीनं केप जर्विस, तिथून फेरीनं पाऊण तास. बॅकस्टेअर्स पॅसेज नावाची ही सामुद्रधुनी वाऱ्याची आहे, बोट चांगलीच हलते. समोर कांगारू आयलंड. १८०२ साली मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीचं जहाज इथे लागलं तेव्हा बेटावर माणूस राहत नव्हता, आणि कांगारूंना माणसाचं भय ठाऊक नव्हतं. उपाशी खलाशांनी एका दिवसात ३१ कांगारू मारले आणि फ्लिंडर्सनं कृतज्ञतेनं बेटाला हे नाव दिलं.

पण टॅमरची युरोपीयांशी पहिली गाठ त्याच्याही पावणेदोनशे वर्षं आधी पडली, आणि त्या गोष्टीचा धागा आपल्याकडून जातो. डच ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस्को पेलसार्ट जहांगिराच्या काळात आग्र्याच्या वखारीत बरीच वर्षं होता. निळीचा व्यापार, बाजार, लोकांचं राहणीमान यावर त्यानं लिहून ठेवलेलं आहे. तिथून परत गेल्यावर ‘बटाविया’ जहाज घेऊन तो जावाकडे निघाला आणि जून १६२९ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यासमोरच्या हाउटमन ॲब्रोल्होस बेटांवर ते जहाज फुटलं. त्या बेटांवर टॅमर होत्या. पेलसार्टनं त्यांची पिशवी उघडून पाहिली, सडाला चिकटलेलं घेवड्याच्या दाण्याएवढं पिलू पाहिलं, त्याचे सगळे अवयव प्रमाणात आहेत हे नोंदवलं आणि निष्कर्ष काढला की पिलू सडावरच उगवतं. निष्कर्ष चुकला, पण निरीक्षण पक्कं होतं. पिलू सडातून फुटतं ही समजूत ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांत थेट विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. मी तिला हसणार नाही. इतकं लहान काहीतरी खालच्या वाटेनं बाहेर पडून, केसांतून चढून वर आलं असेल, हे पाहिल्याशिवाय कोण मानेल?

मुक्काम पेनेशॉच्या पुढे एका शेतावर. सूर्य मावळतो साडेआठच्या सुमारास. उजेड उतरला तशी झुडपांच्या कडेनं टॅमर बाहेर यायला लागल्या. कांगारू म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्या मानानं ही जात चिमुकली: मादी साधारण पाच किलोची, पाठ राखट, खांद्यांवर तांबूस झाक. पुढच्या दोन पायांत गवताची काडी धरून खाते. कुंपणाच्या पलीकडे मोठे, गडद तपकिरी कांगारू चरत होते. हा पश्चिमी करड्या कांगारूचा या बेटावरचा प्रकार.

ही दोन जनावरं एकाच कुरणात पाहायला मिळाली हे माझं भाग्य. कारण टॅमरचा गर्भ थांबतो, आणि या कांगारूचा थांबत नाही. पश्चिमी करडी मादी विल्यावर लगेच माजावर येत नाही. पिशवीतलं पिलू दगावलं तर आठ-दहा दिवसांत ती माजावर येते आणि नव्यानं फळते. साठवणीतला गर्भ तिच्याकडे नसतो. गर्भाचा विराम हा दुष्काळावरचा उपाय, असं सोपं स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळतं. पण इथे गवत तेच, पाऊस तोच, आणि दोघींच्या रीती दोन.

२५ जानेवारी, रविवार : रस्त्याच्या कडेला

पहाटे बेटाच्या पश्चिम टोकाच्या फ्लिंडर्स चेस राष्ट्रीय उद्यानाला निघालो. सोबत गाइड होती. ती परवाना घेऊन जखमी वन्यप्राण्यांची देखभालही करते. मी पशुवैद्य आहे कळल्यापासून ती माझ्याशी खुलून बोलत होती. बेटाच्या मधोमध एका वळणावर टॅमर मरून पडलेली दिसली. रात्री गाडीची धडक बसली असावी. गाइड थांबली, हातमोजे चढवले. मेलेल्या मादीची पिशवी तपासायची आणि मग अंगावर रंगाच्या फवाऱ्यानं खूण करायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की इथे पाहून झालंय. ही इथली रीत आहे.

तिनं पिशवी बोटांनी उघडून धरली आणि मला वाकायला सांगितलं. आत केस नाहीत, त्वचा उबदार नव्हती पण ओलसर होती, आणि तपकिरी मेणासारखा थर होता. चार सड. एक लांब, लोंबता: गेल्या वर्षीच्या पिलाचा, ते आता पिशवीबाहेर असणार. दोन अगदी बारीक. चौथ्याच्या टोकाला ते. दीड सेंटिमीटरच्या आसपास, गुलाबी, कातडीतून आतलं गडद काहीतरी दिसत होतं. डोळे बंद, कान डोक्याला चिकटलेले. मागचे पाय म्हणजे नुसत्या कळ्या, पण पुढचे पाय भरीव आणि बोटांना नख्या. सड तोंडात शिरून टोकाला फुगतो, म्हणून ओढला तर जबडा फाटतो, असं तिनं सांगितलं. ते आधीच मेलं होतं. जिवंत असतं तरी इतक्या लहानाला वाचवणं कुणाच्या हातात नाही, असं ती म्हणाली.

टॅमर जन्मते तेव्हा वजन ०.४ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आईच्या बारा हजारांव्या हिश्श्याइतकंही नाही. मुऱ्हा म्हशीचं पारडू आईच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याचं असतं. विताना टॅमर शेपटी दोन पायांमधून पुढे घेऊन बुडावर बसते आणि पिशवी व जननमार्ग चाटते. पिलू बाहेर पडल्यावर ती त्याला उचलत नाही. ते पुढच्या पायांनी केस पकडत, डोकं डावी-उजवीकडे हलवत वर चढतं आणि काही मिनिटांत पिशवीत शिरतं. वास हाच त्याचा वाटाड्या असावा, असं मानतात. चढण्यासाठी लागणारं तेवढं सगळं, म्हणजे खांदे, नखं, नाक, तोंड, श्वास, तयार झालेलं असतं. बाकीचं मागे ठेवलेलं असतं.

खूण करून आम्ही पुढे निघालो. मला त्या मादीच्या पिशवीपेक्षा तिच्या पोटाचा विचार सुटत नव्हता. तिला दोन गर्भाशयं होती. एक नुकतंच रिकामं झालेलं. त्यातलं अस्तर अजून जाड आणि रक्तानं भरलेलं असणार. आणि दुसऱ्या बाजूला, बाळंत झाल्यानंतर दिवस-दोन दिवसांत फळलेलं नवं अंड. पुढे ते जगलं असतं तर आठवड्याभरात ऐंशी ते शंभर पेशींची पोकळ गोळी होऊन थांबलं असतं. व्यास पाव मिलिमीटर.

दुपारी रिमार्केबल रॉक्सवर खडकांच्या सावलीत बसून लेकीला वहीत चित्र काढून दाखवलं. म्हशीचं गर्भाशय म्हणजे एक धड आणि त्याला दोन शिंगं. गर्भावस्थेत सुरुवातीला दोन नळ्या असतात, त्या खालच्या बाजूला एकमेकींत मिसळून एक होतात. शिशुधानांत त्या मिसळू शकत नाहीत, कारण मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या त्या दोन नळ्यांच्या मधून जातात. म्हशीत, माणसात त्या बाहेरच्या बाजूनं जातात. या एवढ्याशा फरकापोटी शिशुधान मादीला दोन गर्भाशयं, दोन गर्भाशयमुखं, शुक्राणूंना वर जाण्यासाठी बाजूच्या दोन योनी. आणि पिलाला यायला मधली तिसरी वाट. ती पहिल्या बाळंतपणात ऊतींमधून फुटून तयार होते. कांगारू-वॉलबींत ती पुढे उघडीच राहते, इतर बहुतेकांत दर वेळी मिटते आणि दर वेळी नव्यानं फुटते.

“अगं आई, म्हणजे पिलू लहान ठेवायलाच हवं!” लेक म्हणाली. काही अभ्यासकही असंच म्हणतात: दोन मूत्रवाहिन्यांच्या मधल्या फटीतून मोठं पिलू येणार कसं? मला ते पूर्ण कारण वाटत नाही, पण विचार करण्यासारखं आहे.

रानातून जाताना २०१९-२०च्या वणव्याच्या खुणा जागोजागी दिसतात. जवळजवळ अर्धं बेट जळलं होतं. निलगिरी बुंध्यापासून फुटल्या आहेत, मधेमधे काळे सोट उभे आहेत. एका झाडावर कोआला होता. तो इथला मूळचा नव्हे, १९२०च्या दशकात आणून सोडलेला, आणि वणव्याआधी इतका वाढला होता की सरकारला त्याची नसबंदी करावी लागत होती.

२६ जानेवारी, सोमवार : सील बे

ऑस्ट्रेलिया दिनाची सुट्टी, रस्त्यावर गाड्या जास्त. सील बेच्या वाळूवर ऑस्ट्रेलियन सी लायन पसरलेले. यांचं प्रजननाचं चक्र १७-१८ महिन्यांचं आहे. त्यामुळे विण्याचा मोसम दर वर्षी सरकत जातो, आणि एका किनाऱ्यावरच्या कळपाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. इतका लांब काळ जुळवण्यासाठी त्यांचाही गर्भ काही महिने थांबतो, मग गर्भाशयाला चिकटतो.

तेव्हा थांबणं ही फक्त शिशुधानांची खासियत नाही. युरोपातल्या रो हरणात ते दीडशेहून जास्त वर्षांपासून माहीत आहे. आपल्या नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी भारतीय वटवाघळांच्या प्रजननावर आयुष्य वाहिलं. वटवाघळांच्या काही जातींत शुक्राणू साठवून ठेवतात, काहींत गर्भ मुद्दाम संथ वाढतो, आणि काहींत गर्भ नेहमी ठरावीक एकाच बाजूच्या शिंगात राहतो. नागपूरचं हे काम आपल्याकडे आपल्याच लोकांना फारसं ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

आज एवढंच. ऊन फार होतं, लवकर परतलो.

२७ जानेवारी, मंगळवार : शेतावर

दिवसभर कुठेच गेलो नाही. दुपारी वाचन, संध्याकाळी कुरणाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो. पावणेनऊच्या पुढे संधिप्रकाशात एक मादी झुडपातून बाहेर आली आणि तिच्यामागे नर. आधी दोन, मग चार-पाच. ती पळे, थांबे, मागे वळून फिस्कारे. नर शेपटाशी नाक नेत तिच्या मागे. एक दणकट नर बाकीच्यांना हुसकावत होता. लेकीला वाटलं भांडण आहे. मी तिला म्हटलं, ही आज व्याली आहे.

टॅमरची मादी विल्यावर तासाभरात माजावर असते, आणि जानेवारीच्या शेवटी कुरणात नरांचा असा घोळका एखादीच्या मागे दिसला तर त्याचा अर्थ एकच. तिच्या पिशवीत काही तासांपूर्वीचं पिलू होतं. तिला धावताना पाहून मला त्या पिलाच्या पकडीचं नवल वाटलं. थोड्या वेळानं ती थांबली, मोठ्या नरानं तिला मागून धरलं. बाकीचे भोवती फिरत राहिले.

यानंतर काय होतं, ते समजून घ्यायला माणसांना फार वर्षं लागली. जेफ शारमन यांनी १९५०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या क्वोका या छोट्या वॉलबीवर गर्भाचा विराम दाखवून दिला. टॅमरमध्ये तो अकरा महिन्यांचा असतो, हे १९६६ साली प्रसिद्ध झालं. ह्यू टिंडल-बिस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनबेरात त्याचा ताळा लावला. हे टिंडल-बिस्को जन्मले काश्मीरमध्ये. श्रीनगरची मिशन शाळा चालवणारे टिंडल-बिस्को ते त्यांचे आजोबा.

टॅमरच्या थांबण्याचे दोन भाग आहेत. फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत थांबवतं ते पिलाचं दूध पिणं. या काळात पिलू सडावरून काढलं तर २६-२७ दिवसांनी दुसरं पिलू जन्मतं. जूननंतर मात्र पिलू काढून काही होत नाही. तिथून पुढे गर्भ दिवसाच्या लांबीच्या ताब्यात जातो, आणि २२ डिसेंबरचा इथला सर्वांत मोठा दिवस उलटेपर्यंत हलत नाही. मग दिवस लहान व्हायला लागतो. पहिले काही दिवस हा फरक रोज काही सेकंदांचा असतो. तेवढ्यानं अंधारात स्रवणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाचा काळ वाढतो, पहाटे उसळणारं प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक खाली बसतं, आणि वर्षभर निजलेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन बनवू लागतो. महिनाभरानं, म्हणजे या आठवड्यात, बेटभर पिलं जन्मतात. प्रोलॅक्टिन हाच लगाम आहे याचा पुरावा असा की ते दाबणारं ब्रोमोक्रिप्टिन हे औषध टोचलं की थांबलेला गर्भ जागा होतो. हेच औषध बायकांचं दूध आटवायला दिलं जात असे.

मेलॅटोनिनचा हाच निरोप आमच्या म्हशी ऐकतात. पावसाळा सरून दिवस लहान झाले की त्या माजावर येतात, उन्हाळ्यात मुका, म्हणजे बाहेरून न दिसणारा, माज धरतात, आणि शेतकरी दवाखान्यात येऊन विचारतात, “डॉक्टरीणबाई, म्हैस का फळत नाही?” मी खुराक, क्षार, कृमी सगळं सांगायची, आणि शेवटी म्हणायची, दिवाळीपर्यंत थांबा. वॉलबीचं तेच, फक्त तिच्यात माज थांबण्याऐवजी तयार झालेला गर्भ थांबतो.

मला सगळ्यात जास्त भिडतं ते गर्भाशयाचं वागणं. थांबलेल्या गर्भाला आतून कुणी बंद केलेलं नसतं. प्रोजेस्टेरॉन नसल्यामुळे गर्भाशयाच्या ग्रंथी स्रवत नाहीत, आणि त्या स्रावाशिवाय गोळी पुढे वाढत नाही. प्रोजेस्टेरॉन आलं की अस्तर जाड होतं, ग्रंथी लांब आणि वेटोळ्या होतात, स्राव भरतो. मग गोळी फुगायला लागते. वाढणाऱ्या गर्भाभोवती एक पातळ कवच असतं. पक्ष्याच्या अंड्याच्या कवचाची ती आठवण म्हणता येईल. अठराव्या दिवसाच्या आसपास ते फुटेपर्यंत आई आणि गर्भ यांचा थेट स्पर्श नसतो. सगळं पोषण त्या कवचातून झिरपून. कवच फुटल्यावर पीतकाची पिशवी गर्भाशयाच्या अस्तराला भिडते आणि वार बनते. शेवटच्या आठ-नऊ दिवसांत तोंड, फुप्फुसं, पुढचे पाय घडतात. टॅमरची वार आईच्या ऊतीत घुसत नाही. याउलट बँडिकूट या उंदरासारख्या दिसणाऱ्या शिशुधानाची घुसते, तिचा गर्भकाळ अवघा साडेबारा दिवसांचा असूनही. म्हणजे ‘शिशुधानांना चांगली वार जमत नाही’ हे विधान निव्वळ चूक आहे.

आणि दोन गर्भाशयांचं. दोघांना मिळणारं रक्त एकच, त्यातलं प्रोजेस्टेरॉन एकच. सुरुवातीला दोन्ही सारखी फुगतात. मग रिकामं मागे पडतं आणि गाभण असलेल्याचं अस्तर वाढत राहतं. पुढे मेलबर्न विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या मॅरिलिन रेनफ्री यांनी १९७२ साली हे मांडलं: टॅमरचा गर्भ आपल्या गर्भाशयाला तिथल्या तिथे काहीतरी सांगत असतो. शिशुधानांचा गर्भ मुका आहे, चक्र आपोआप चालतं आणि तो पाहुण्यासारखा राहून जातो, हा समज त्या दिवशी मोडला. हजारो म्हशींच्या गर्भाशयाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा भरलेलं मी हातानं चाचपून पाहिलं आहे, तेव्हा हे वाचताना बोटांना ते लगेच पटलं.

३० जानेवारी, शुक्रवार : फिलिप आयलंड

मधले दोन दिवस फेरी, ॲडलेड आणि विमान यात गेले. आता व्हिक्टोरियात. मेलबर्नहून सुमारे दोन तासांवर, सॅन रेमोचा पूल ओलांडला की फिलिप आयलंड. लोक येतात पेंग्विन पाहायला. आम्ही आलो ते दलदलीतल्या वॉलबीसाठी. इंग्रजीत तिला स्वॅम्प वॉलबी म्हणतात. दुपारीच पायवाटेवर दोन दिसल्या: काळपट, दाट केसांच्या, गालावर फिकट पट्टा, टॅमरच्या दुपटीहून मोठ्या. एक मादी फर्नच्या आड बसून झाडाची पानं ओरबाडत होती, पिशवी थोडी लोंबलेली. आमच्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि खात राहिली.

हिच्याबद्दलचं संशोधन २०२०चं. मेलबर्नचे ब्रँडन मेन्झीज आणि रेनफ्री यांनी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालय व वन्यजीव संशोधन संस्थेतल्या टोमास हिल्डेब्रांट यांच्यासोबत रोज सोनोग्राफी करून माद्या तपासल्या. इतर वॉलबी विल्यावर फळतात. ही विण्याच्या एक-दोन दिवस आधी माजावर येते, नर घेते आणि फळते. एका गर्भाशयात पूर्ण दिवस भरलेलं पिलू, दुसऱ्या बाजूच्या अंडाशयातून नवं अंड सुटलेलं. पहिलं पिलू पिशवीत पोचेपर्यंत पुढचा गर्भ तयार असतो, आणि मग तो दुधामुळे थांबतो. एक गर्भार असताना दुसरा गर्भ धरणं युरोपच्या तपकिरी सशात माहीत होतं. पण तिथे दोन्ही गर्भ वाढत राहतात.

दोन वेगळी गर्भाशयं असल्याशिवाय हे शक्यच नाही. एकीत बाळंतपणाच्या कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन्स, आकुंचनं, सगळी उलथापालथ. दुसरीत त्याच वेळी पहिला पेशी-विभाग. मूत्रवाहिन्या मधून गेल्या म्हणून एक होऊ न शकलेली ती रचना, आणि तिचा असा उपयोग.

रात्री जेवताना जावयांनी विचारलं, “मग आई, ही रिकामी कधी असते?”

मी म्हटलं, पहिल्यांदा गाभण राहिली की पुढे, वय आहे तोवर, जवळजवळ कधीच नाही.

“आणि हे २०२० पर्यंत कुणाला कळलं नाही?”

शंका फार आधीपासून होती. गर्भकाळ माजाच्या चक्रापेक्षा लांब निघत होता, तेव्हा काहीतरी असं असणार, हे कागदावर दिसतच होतं. पण नर कधी घेतला आणि अंड कधी सुटलं, हे विणाऱ्या मादीला न दुखावता पाहायचं तर तितकी बारीक दाखवणारी सोनोग्राफी हवी, आणि ते मोजके दिवस रोज मादी धरून तपासणारी माणसं हवीत. आमच्या दवाखान्यात पहिलं यंत्र आलं तेव्हा त्यावर तीस दिवसांचा गर्भ दिसला म्हणून आम्ही पेढे वाटले होते. इथे तर एका अंडाशयातला पीतपिंड मावळताना आणि दुसरीकडे बीजकोश फुटताना एकाच तपासणीत पाहायचा होता.